वस्तीतल्या छोट्या रंगमंचांना तारखा कोण देणार?

तिसरी घंटा

मुंबईत मराठी नाटकाची चर्चा निघाली की ती बहुधा मोठ्या नाट्यगृहांपाशीच घोटाळते. शिवाजी मंदिराची रविवार दुपारची तारीख कोणाला मिळाली, दीनानाथला बुकिंग कसे आहे, गडकरी रंगायतनची दुरुस्ती, वाहनतळ, स्वच्छतागृहे, असे ते विषय असतात आणि ते महत्त्वाचेही आहेत. या धाग्यात मात्र मला शंभर-सव्वाशे प्रेक्षकांच्या जागांविषयी बोलायचे आहे. जिथे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाच्या गळ्याची शीर ताणलेली दिसते, ध्वनिक्षेपकावाचून कुजबुज ऐकू येते आणि प्रयोग संपल्यावर नट व प्रेक्षक एकाच जिन्याने खाली उतरतात, अशा जागा आपल्या वस्त्यांमध्ये आज किती उरल्या आहेत आणि नव्या कशा उभ्या राहतील, हा माझा प्रश्न आहे.

या विषयात छबिलदासचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था काढली, आणि 1974 पासून दादर पश्चिमेच्या छबिलदास मुलांच्या शाळेच्या सभागृहात या संस्थेचे प्रयोग होऊ लागले. ते सभागृह नाटकासाठी बांधलेले नव्हते. दादर स्थानक हाकेच्या अंतरावर असल्यामुळे बाजाराचा आणि रहदारीचा गलका आत येत असे, आणि प्रकाशयोजनेसाठी लागणारी कोणतीही कायमची सोय तिथे नव्हती. तरीही 1992 पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, मराठीतले नवे नाटक पाहायचे असेल तर छबिलदासला जायचे, हे मुंबईच्या प्रेक्षकाला ठाऊक होते. बंगाली नाटककार बादल सरकारांच्या ‘जुलूस’चा मराठी प्रयोग अमोल पालेकरांनी तिथे केला, तेव्हा नट प्रेक्षकांच्या मधूनच वावरत होते, हजार आसनांच्या नाट्यगृहात तो प्रयोग त्या स्वरूपात झालाच नसता.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. ‘आविष्कार’ने ती जागा स्वतःपुरती ठेवली नाही. नाममात्र पैशांत ती इतर संस्थांना दिली, आणि एका संस्थेचे सभागृह पाहता पाहता चळवळीचे सभागृह झाले. एखाद्या तरुण लेखकाने एकांकिका लिहिली तर ती कुठे करायची, याचे उत्तर लेखन सुरू करण्यापूर्वीच तयार होते. जागेची ही खात्री असली की माणूस लिहितो, तालमीला मुले जमतात, आणि प्रेक्षकालाही ठरावीक संध्याकाळी तिकडे पाय वळवण्याची सवय लागते.

त्याआधीचा इतिहासही हेच सांगतो. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेला भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटचा आसरा होता, दिग्दर्शक सत्यदेव दुबे यांच्या मंडळींना ताडदेवच्या वालचंद टेरेसचा होता. यांपैकी कोणतीही जागा नाटकवाल्यांच्या मालकीची नव्हती, आणि मालकाशी असलेली व्यवस्था संपली की त्या जागेतले नाटकही संपले. छबिलदासनंतर ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली आणि तिथे पुढे अनेक वर्षे काम चालू राहिले, हे खरे. परंतु दादर स्थानकाच्या तोंडाशी असलेल्या जागेचा जो राबता होता, तो सहजासहजी हलवता येत नाही.

दरम्यान प्रेक्षकाने घर बदलले. गिरगाव, दादर आणि गिरणगावातला मराठी माणूस बोरिवली, ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर इथवर पसरला. त्याच्या मागोमाग मोठी नाट्यगृहे गेली. डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, ठाण्यात दोन मोठी नाट्यगृहे आहेत. छोटी जागा मात्र त्याच्या मागे गेली नाही. या प्रत्येक उपनगरात शाळा आहेत, बहुतेक शाळांना सभागृह आहे, आणि संध्याकाळी सातनंतर त्यांतली पुष्कळ सभागृहे कुलूपबंद असतात. ती महिन्यातून दोन ठरावीक दिवस नाटकाला, एकपात्री प्रयोगाला, कवितावाचनाला किंवा विनोदी कार्यक्रमाला मिळावीत, एवढीच माझी मागणी आहे. आपापल्या भागातला अनुभव सर्वांनी लिहावा, ही विनंती.

शनिवारातला

पुण्यातून लिहीत आहे. आपण ज्या खात्रीविषयी लिहिले आहे, तिचे आमच्याकडचे उदाहरण म्हणजे शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंच. महाराष्ट्र कल्चरल सेंटर ही संस्था तो चालवते. पेठेतल्या गल्लीत, घरांच्या शेजारी असलेली ही जागा आहे. पार्किंगचा त्रास असूनही लोक जातात, कारण तिथे काही ना काही चालू असतेच, हे त्यांना माहीत असते. अलीकडे एरंडवण्यात ‘द बॉक्स’ ही जागाही सुरू झाली. तिथे आसनव्यवस्था प्रयोगानुसार बदलता येते, त्यामुळे दिग्दर्शकाला आपला रंगमंच कोणत्या बाजूला हवा, याचा विचार पहिल्यापासून करता येतो.

एक पुरवणी जोडतो. पुण्यात छोट्या जागांना जो प्रेक्षक मिळाला, त्यात एकांकिका स्पर्धांचा वाटा फार मोठा आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक घेते आणि भरत नाट्य मंदिरात होणाऱ्या त्या स्पर्धेतून दरवर्षी महाविद्यालयांतली नवी मुले नाटकाला लागतात. तालमींसाठी महाविद्यालयाचा वर्ग, वाड्याची गच्ची, कोणाच्या तरी घराची पुढची खोली अशा जागा त्यांनी शोधलेल्या असतात. स्पर्धा संपली, महाविद्यालय सुटले की यांतल्या बहुतेकांपुढे एकच प्रश्न उभा राहतो, की आता प्रयोग कुठे करायचा. ज्यांना सुदर्शनसारखी जागा मिळाली ते टिकले, आणि बाकीचे नोकरीला लागल्यावर हळूहळू प्रेक्षकांत जाऊन बसले.

नमनखेळे

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यातला आहे. छोट्या रंगमंचाचा विषय निघाला की आपण लगेच प्रायोगिक नाटकाकडे वळतो. परळच्या दामोदर नाट्यगृहाची आठवण या चर्चेत व्हायला हवी. ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने 1922 मध्ये ते उभे केले, आणि गिरणी कामगारांच्या कित्येक पिढ्यांनी तिथे नाटके केली व पाहिली. आसनसंख्येच्या दृष्टीने ते आपण म्हणता तितके लहान नव्हते; पण स्वभावाने ते पूर्णपणे वस्तीचे नाट्यगृह होते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांची मुंबईतली मंडळे तिथे बहुरंगी नमन, म्हणजे कोकणातले लोकनाट्य, करीत. गण, मग गौळण, त्यात कृष्णाची वाट अडवणूक आणि मावशीची धमाल, आणि नंतर वगनाट्य, असा रात्रभर चालू शकणारा ऐवज मंडळी तीन-साडेतीन तासांत बसवत. शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांच्या शाहिरांचे जाखडीचे, म्हणजे कोकणी नाच-गाण्याचे, सामने होत, आणि एका शाहिराने टाकलेल्या सवालाला दुसरा काय जबाब देतो, यासाठी प्रेक्षक श्वास रोखून बसलेले असत. तिकिटे नाट्यगृहाच्या खिडकीवर फारशी विकली जात नसत. वाडीतल्या प्रत्येक माणसाच्या हाती पंचवीस-तीस तिकिटे दिली जात आणि तो ती कारखान्यात, चाळीत, नात्यागोत्यात खपवी. उरलेला पैसा गावच्या देवळाच्या कामाला किंवा पाणीयोजनेला जात असे. मृदुंग वाजवणारा दिवसा बँकेत शिपाई असे आणि मावशीचे काम करणारा बेस्टमध्ये वाहक असे. त्या मावशीला जो हशा मिळे, तसा हशा मी मोठ्या व्यावसायिक नाटकांतही क्वचित ऐकला आहे.

नोव्हेंबर 2023 मध्ये दामोदर पुनर्विकासासाठी बंद झाले. नवे नाट्यगृह होईल तेव्हा होईल. तोपर्यंत या मंडळांना परवडणारी जागा कुठे आहे, याची चौकशी कोणी करताना दिसत नाही. आपल्या शाळांच्या सभागृहांच्या मागणीत ही मंडळेही यावीत, असे मला मनापासून वाटते. प्रायोगिक नाटक आणि नमन यांना एकाच जागेत पाळीपाळीने तारखा मिळाल्या, तर दोघांचाही प्रेक्षक वाढेल.

तिसरी घंटा

नमनखेळे, आपला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि मूळ मागणीत मी तो जोडतो. हातोहात तिकिटे खपवण्याची जी रीत आपण सांगितली, ती छोट्या जागेसाठी आजही सर्वांत भरवशाची आहे. शंभर खुर्च्यांसाठी वर्तमानपत्रात जाहिरात परवडत नाही, आणि ऑनलाइन बुकिंगवर नाव टाकले तरी ते मोठ्या कार्यक्रमांच्या गर्दीत हरवून जाते. पाच माणसांनी प्रत्येकी वीस तिकिटांची जबाबदारी घेतली की प्रयोग उभा राहतो.

प्रकाशझोत

मी बॅकस्टेजचा माणूस आहे, म्हणून तांत्रिक बाजू लिहितो. शाळेच्या सभागृहात नाटक करताना पहिली अडचण विजेची असते. भिंतीवरच्या 15 अँपिअरच्या प्लगमधून 230 व्होल्टवर जेमतेम 3,400 वॅट मिळतात. जुन्या पद्धतीचा हॅलोजन पार कॅन (रंगमंचावर झोत टाकणारा दिवा) एकटाच 1,000 वॅट घेतो, म्हणजे तीन दिवे लावले की चौथ्याला फ्यूज उडालाच म्हणून समजा. पूर्वी यासाठी मुख्य बोर्डावरून स्वतंत्र जोडणी घ्यावी लागे आणि शाळेचे मुख्याध्यापक तिथेच घाबरत. आता एलईडी पार आल्यामुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. एक दिवा साधारण दीडशे वॅटमध्ये काम करतो, तापत नाही, रंगासाठी जिलेटिनचा कागद लागत नाही, आणि आठ-दहा दिवे एका छोट्या कन्सोलवर चालवता येतात. दोन मजबूत स्टँड, लांब केबल आणि चिकटपट्टी एवढ्या सामानावर मी दीड तासात सभागृह तयार करून देतो.

दुसरी अडचण अंधाराची. शाळांच्या सभागृहांना मोठ्या खिडक्या असतात आणि रस्त्यावरचा दिवा थेट रंगमंचावर पडतो. काळ्या जाड कापडाचे पडदे शिवून कड्या लावून ठेवले, तर ते एकदाच करायचे काम आहे. तिसरी अडचण पंख्यांची. छताचे पंखे चालू ठेवले तर नटाचा हळू आवाज ऐकू येत नाही, बंद केले तर एप्रिलमध्ये प्रेक्षक बसत नाहीत. यावर मला सापडलेला उपाय असा की, अंक लहान ठेवावेत आणि मध्यंतरात सर्व दारे-खिडक्या उघडाव्यात. बाहेर पडण्याची दोन दारे मोकळी ठेवणे आणि काळे पडदे त्या दारांवरून न नेणे, यात मात्र कोणतीही तडजोड करू नये.

बसण्याविषयीही सांगतो. सपाट जमिनीवर चौथ्या रांगेपासून पुढच्याचे डोके आड येते. म्हणून पहिल्या दोन रांगा सतरंजीवर, मधल्या खुर्च्यांवर आणि शेवटच्या शाळेच्या बाकांवर अशी उंची वाढवत नेली, तर लाकडी पायऱ्या बांधण्याचा खर्च वाचतो.

माइकसमोर

मी मराठीत स्टँड-अप करतो, त्यामुळे विनोदी कार्यक्रमांच्या बाजूने लिहितो. आमचे शिक्षण ओपन माइकवर होते. कोणत्या तरी कॅफेत, कामाच्या दिवशी रात्री, प्रत्येकाला चार-पाच मिनिटे मिळतात आणि समोर वीस-पंचवीस माणसे असतात, ज्यांतली निम्मी आपल्या पाळीची वाट पाहणारी असतात. मुंबईत अशा जागा वांद्रे, खार, अंधेरी, लोअर परळ या पट्ट्यात एकवटल्या आणि तिथे हिंदी-इंग्रजीचे प्राबल्य राहिले. ‘भाडिपा’ या यूट्यूब वाहिनीसारख्या मंडळींनी 2016 नंतर मराठी विनोदाला नवा तरुण प्रेक्षक मिळवून दिला, हे आमच्यासाठी फार मोठे काम झाले, परंतु नव्या मुलाने पहिली पाच मिनिटे मराठीतून बोलायची तर ती डोंबिवलीत किंवा भांडुपला कुठे बोलायची, हा प्रश्न तसाच आहे.

विनोदाला छोटी जागा लागते, त्यामागे ठोस कारण आहे. हशा पसरावा लागतो, आणि खुर्च्या जवळजवळ असल्या व छत खाली असले तरच तो पसरतो. ऐंशी माणसे ऐंशी खुर्च्यांच्या खोलीत बसली तर कार्यक्रम रंगतो. तीच ऐंशी माणसे नऊशे आसनांच्या नाट्यगृहात विखुरली तर प्रत्येक जण एकटा हसतो आणि मग हसायचा थांबतो. म्हणून मी आयोजकांना नेहमी सांगतो, की पुढच्या रांगा आधी भरा, जादा खुर्च्या उचलून ठेवा आणि प्रेक्षकांवरचे दिवे मंद करा.

शाळेच्या सभागृहाविषयी मला एक शंका आहे. आमच्या कार्यक्रमात भाषा कधी कधी मोकळी असते. शाळेच्या व्यवस्थापनाला ते चालेल का? मला वाटते, यावर आधीच स्पष्ट बोलणे झालेले बरे. कौटुंबिक कार्यक्रम शाळेत करावा आणि प्रौढांसाठीचा कार्यक्रम अन्यत्र करावा, ही अट मला स्वतःला जाचक वाटत नाही.

पूर्वेकडची

मी डोंबिवलीत राहते आणि प्रेक्षक म्हणून लिहीत आहे. दादरला साडेआठचा प्रयोग पाहायचा तर घरी परतायला मध्यरात्र उलटते. गाडीतली गर्दी, स्थानकाबाहेर रिक्षा मिळण्याची अडचण, सकाळी पुन्हा 7.40 ची लोकल, यामुळे नोकरी करणाऱ्या बायकांचे छोटे नाटक पाहणे जवळजवळ बंद झाले आहे. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर शाळेचे चांगले सभागृह आहे. तिथे शनिवारी सहा वाजता प्रयोग असेल आणि आठला सुटत असेल, तर आमच्या इमारतीतूनच पंधरा-वीस बायका येतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आम्ही काही जणींनी आमच्या भागातल्या एका शाळेकडे यासाठी विचारणा केली होती. सुरुवातीला होकार मिळाला, दोन कार्यक्रम फार चांगले झाले, आणि तिसऱ्याच्या आठवडाभर आधी सभागृह एका प्रदर्शनाला दिल्याचे कळले. वाईट वाटले ते त्यापेक्षा पुढचे होते: छापलेली तिकिटे परत घेताना ज्या आजी-आजोबांनी उत्साहाने नावे दिली होती, त्यांनी पुन्हा नावे दिली नाहीत. तिसरी घंटा यांनी तारखेच्या खात्रीविषयी जे लिहिले आहे, ते आम्ही अनुभवले आहे. म्हणून तोंडी होकारावर जाऊ नये. वर्षभराच्या तारखा लेखी घ्याव्यात आणि परीक्षांचे महिने आधीच वगळावेत.

ठाण्याचा अभिनय कट्टा मी पाहिला आहे. तिथे ठरलेल्या दिवशी कार्यक्रम होतोच, नवी मुले धिटाईने उभी राहतात, आणि आसपासची कुटुंबे सवयीने येऊन बसतात. असे काही आमच्याकडे व्हावे, अशी माझी फार इच्छा आहे.

हिशेबनीस

पैशांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. समजा सभागृहात 100 जागा आहेत आणि तिकीट 150 रुपये आहे. सरासरी 65 तिकिटे गेली तर 9,750 रुपये जमतात. नाटकाच्या तिकिटावर 500 रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही, त्यामुळे ही पूर्ण रक्कम हाती राहते. यातून सभागृहाचे भाडे आणि शिपायाचा मोबदला मिळून 2,500, दिवे-ध्वनी 2,500, टेम्पो व नेपथ्याची ने-आण 1,500, चहा-नाश्ता 700 असे धरले तर अडीच हजार रुपये उरतात. सहा नटांत ते वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सव्वाचारशे रुपये येतात. या रकमेवर कोणाचे घर चालणार नाही. पण पदरमोड न करता पुढचा प्रयोग लावता येतो, आणि छोट्या नाटकाची खरी गरज तीच आहे. भाडे पाच हजारांवर गेले की हेच गणित तोट्यात जाते. म्हणून शाळांशी बोलताना भाड्याच्या आकड्यावर सर्वांत अधिक ताकद लावावी. शिपायाचा मोबदला भाड्यात न धरता त्याच्या हातात स्वतंत्रपणे द्यावा, असेही मी सुचवतो. रात्री कुलूप लावायला थांबणारा माणूस खूश असेल तर ती व्यवस्था टिकते.

शनिवारातला

परवान्यांचा विषय राहिला. तिकीट लावून नाटक करायचे तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, आणि प्रयोगासाठी पोलिसांची परवानगी वेगळी लागते. नव्या संस्था संहिता शेवटच्या आठवड्यात पाठवतात आणि मग धावपळ होते. तालीम सुरू करतानाच संहितेच्या प्रती पाठवून द्याव्यात. लेखकाचे लेखी संमतिपत्रही त्याच फाइलमध्ये असावे. मानधन कितीही कमी असले तरी ते लेखकाला न विचारता गृहीत धरणे मला गैर वाटते.

तिसरी घंटा

सर्वांच्या प्रतिसादांतून अर्जाचा मसुदा जवळजवळ तयार झाला आहे. पूर्वेकडची यांच्या सूचनेप्रमाणे जून, ऑक्टोबर आणि मार्च हे महिने सोडून उरलेल्या महिन्यांतले दुसरे आणि चौथे शनिवार, सायंकाळी सहा ते आठ, अशा तारखा वर्षभरासाठी लेखी मागायच्या. भाडे 2,000 रुपयांच्या आत असावे, अशी विनंती करायची आणि शिपायाचा मोबदला त्याव्यतिरिक्त देण्याची तयारी दाखवायची. प्रकाशझोत यांनी सांगितलेले काळे पडदे आपण वर्गणीतून शिवून शाळेलाच भेट द्यावेत. शाळेच्या स्नेहसंमेलनालाही ते उपयोगी पडतील, आणि व्यवस्थापनाला या कामात आपला लाभही दिसेल. पहिल्या चार तारखांत एक एकांकिका, एक नमन, एक मराठी विनोदी कार्यक्रम आणि एक बालनाट्य असावे, असे मी सुचवतो. डोंबिवली, भांडुप आणि बोरिवली या तीन ठिकाणांपासून सुरुवात करू. ज्यांच्या ओळखीत या भागांतले मुख्याध्यापक किंवा संस्थाचालक आहेत, त्यांनी मला व्यक्तिगत संदेश पाठवावा. अर्ज घेऊन भेटायला मी स्वतः येईन.

नमनखेळे

भांडुपच्या नमनाची तारीख आमच्या मंडळाकडे लागली असे समजा. मृदुंग, झांजा, पोशाख सर्व आमचे. ध्वनिक्षेपक नको आणि दिवे चार पुरेत. गौळण थोडी आटोपशीर करून दोन तासांत कार्यक्रम बसवतो, आणि शंभरपैकी साठ तिकिटांची जबाबदारी मंडळ घेईल.